बिल जपून ठेव, मने

मने, तुझी यादी मिळाली. रात्री पावणेबाराला पाठवलीस आणि खाली लिहिलंस, "ताई, काही राहिलं का गं?" राहिलं कसलं! ड्रोन, ॲक्शन कॅमेरा, तीस हजार एमएएचची पॉवर बँक, दोन टीबीची हार्ड डिस्क, घडीचा सोलर चार्जर, नवं घड्याळ आणि न्यू जर्सीच्या दादाकडून मागवायचं ते सॅटेलाइटवरून मेसेज धाडणारं पिटुकलं यंत्र. मला आधी कळेचना, तू लेहला फिरायला निघाली आहेस की दुकान थाटायला. मग हसू आलं. तुझ्या वयात माझी यादी याहून हातभर लांब होती.

मावशीला यातलं काही सांगू नकोस, असं बजावलंयस. नाही सांगत. पण त्याच्या बदल्यात हे सगळं शेवटपर्यंत वाचायचं. नुसता अंगठा दाखवून सुटायचं नाही.

आधी पॉवर बँक, कारण ती तू घेऊनही टाकलीस. तिच्या पाठीवर बारीक अक्षरात वॉट-अवरचा आकडा असतो. सापडला नाही तर आपणच काढायचा: तीस हजाराला ३.७ नं गुण आणि हजारानं भाग. आले १११. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी हातातल्या बॅगेतून नेता येते. १०० ते १६० मधली न्यायची तर विमान कंपनीची परवानगी आधी काढावी लागते. आणि चेक-इनच्या बॅगेत कुठलीच पॉवर बँक चालत नाही. लिथियमनं पेट घेतला तर सामानाच्या कप्प्यात विझवायला कोण बसलंय? वीस हजारांची घे. ती ७४ भरते, खांद्यालाही हलकी. पहाटे चारला सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहून हा हिशेब करण्यापेक्षा आत्ता केलेला बरा.

सॅटेलाइटच्या यंत्राचं तर दादाला आजच कळव की पाठवू नकोस. अमेरिकेत गिर्यारोहक ते खिशात घालून फिरतात, तिथे ते रास्तच आहे. आपल्याकडे सरकारी परवान्याशिवाय असलं यंत्र बाळगणं गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी बाईच्या बॅगेत ते सापडलं आणि तिला ताब्यात घेतलं. तू तर सीमेच्या भागात निघाली आहेस. ड्रोनचंही तेच, चीनच्या हद्दीजवळ परवानगीशिवाय ते उडवून लष्कराला प्रश्न विचारायची संधी देऊ नकोस.

आता तू म्हणशील, ताई स्वतः गॅजेटवेडी आणि मला उपदेश करते. बरोबर आहे. आमच्या घरी एका कपाटाला 'वायरींचं कपाट' म्हणतात, आणि तुझे जिजू त्यात हात घालायला अजून घाबरतात. यंत्राचं खोकं उघडतानाचा तो नवा वास मला आजही आवडतो. म्हणूनच सांगते. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात घेतलेलं यंत्र प्रवासात आपल्या उपयोगी पडत नाही, आपणच त्याच्या उपयोगी पडतो. त्याला चार्ज करायचं, अपडेट करायचं, थंडीत सांभाळायचं, चोरीला जाईल म्हणून उशाशी घेऊन झोपायचं.

ऐक, माझी फजिती तुला कुणी सांगितलेली नाही. २०१७ साली मी स्पितीला गेले होते. निघायच्या आदल्या रात्री मला सुचलं की फोनमध्ये कंपनीनं घातलेली सिस्टिम काढून मोकळी सिस्टिम टाकावी. लिनेजओएस म्हणतात तिला, अँड्रॉइडचंच ओपन सोर्स रूप. रात्री दोनपर्यंत बसून टाकली. फोन काय सुरेख चालायला लागला! नको ती ॲप गेली, बॅटरी जास्त टिकायला लागली. मी विजयी मुद्रेनं झोपले. तिसऱ्या दिवशी काझ्याला पैसे काढायची वेळ आली. एटीएम बंद. बँकेचं ॲप उघडलं तर ते म्हणालं, हा फोन सुरक्षित नाही, मी चालणार नाही. फोनचं कुलूप खोलून सिस्टिम बदलली की बँकांची बरीच ॲप असं म्हणतात, हे मला माहीत होतं गं. माहीत असून विसरले. शेवटी बसमध्ये ओळख झालेल्या नाशिकच्या एका काकूंकडून दोन हजार उसने घेतले. त्यांनी दिले, आणि वर "एकटीच निघालीस का गं?" असं म्हणून शंकरपाळ्यांचा डबाही पुढे केला. चूक फोनची नव्हती, सिस्टिमचीही नव्हती. मुहूर्त चुकला होता, आणि तो मीच काढला होता.

तेव्हा पहिली अट: निघायच्या आधी पंधरा दिवस फोनमध्ये काहीही उलटापालट करायची नाही. जे बदलायचं ते या रविवारी.

तुझं सिम प्रीपेड आहे ना? मग लडाखमध्ये तो फोन बोलायचाच नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे आणि काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. लोकांच्या हे लेहच्या विमानतळावर उतरल्यावर लक्षात येतं. नुसते फोन बंद पडत नाहीत, ओटीपीही येत नाही, म्हणजे बँकही गेली. आजच पोस्टपेड करून घे. ते केलंस तरी लेह सोडून आत गेलीस की नेटवर्क असेलच असं नाही. यूपीआयवर भिस्त ठेवू नकोस. रोख पैसे दोन ठिकाणी वाटून ठेव आणि त्यातलं एक ठिकाण मलाही सांगू नकोस.

नेटवर्क नाही म्हटल्यावर तू लगेच विचारशील, मग नकाशा? इथे मात्र जरा निवांत बस.

फोनमधलं जीपीएस नेटवर चालत नाही. सिमवरही नाही. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळ सांगत असतात आणि तुझा फोन नुसता ऐकतो, तीन-चार उपग्रहांच्या वेळेतला फरक मोजतो आणि आपण कुठे आहोत ते काढतो. तो कुणालाही काही पाठवत नाही. नेट लागतं ते फक्त खालचं चित्र आणायला. चित्र आधीच फोनमध्ये असेल तर प्रश्न मिटला. नेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला दोन-चार मिनिटं लागतात, तेवढा वेळ मोकळ्या आभाळाखाली उभं राहायचं. हे समजलं नाही की माणसं "जीपीएस लागत नाही" म्हणून हॉटेलात बसून फोन बदलायच्या गोष्टी करतात.

तू वापरतेस तो नेहमीचा नकाशा ऑफलाइन ठेवता येतो, नाही असं नाही. पण तसा तो गाडीचा रस्ता सांगतो, पायी चालणाऱ्याला सोडून देतो. मी ऑर्गॅनिक मॅप्स वापरते, आणि डोंगरात ऑस्मअँड. दोन्ही ओपन सोर्स, दोन्ही अख्खा लडाख फोनमध्ये उतरवून घेतात. ऑस्मअँड दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखं आहे हं, आधीच सांगते. शंभर सेटिंग्ज, आणि हवी ती कधी सापडत नाही. पण समोच्च रेषा दाखवतं, चढ किती आहे ते कळतं. वापरायला सोपं हवं तर पहिलं घे.

या दोघांच्या पोटात एकच नकाशा आहे, ओपनस्ट्रीटमॅप. इंग्लंडमध्ये सरकारनं करदात्यांच्या पैशानं उत्तम नकाशे केले होते, पण ते वापरायचे तर पुन्हा पैसे मोजा. स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाला हे पटेना. २००४ साली त्यानं ठरवलं, आपणच फिरू, आपणच जीपीएसवर वाटा नोंदवू आणि सगळ्यांना देऊन टाकू. लोकांना हे तेव्हा खूळ वाटलं असणार. पण २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळला भूकंप झाला तेव्हा जगभरच्या हजारो लोकांनी घरी बसून उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तिथल्या वाड्या आणि वाटा या नकाशात काढल्या, आणि मदत पथकं त्यावरून चालली. सरकारी नकाशाला असं रात्रीत कोण शिवू देणार होतं?

मी पण त्यात आहे बरं का! राजगडावर गुंजवण्याच्या बाजूनं चढताना मला एकदा एक टाकं लागलं, खडकात खोदलेलं, पाणी गार आणि स्वच्छ. घरी येऊन मी नकाशावर तिथे एक टिंब टाकलं: पिण्याचं पाणी. मोठं पुण्यकर्म केल्यासारखं वाटलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर कुणीतरी माझ्या टिंबात भर घातली होती की इथे फेब्रुवारीनंतर पाणी नसतं. कोण होता, कुठला होता, मला माहीत नाही. पण विचार कर, मी दिवाळीनंतर गेले होते, म्हणून मला पाणी दिसलं. माझ्या टिंबाच्या भरवशावर कुणी वैशाखात चढलं असतं तर? तेव्हापासून मी नकाशात काहीही नोंदवताना महिना लिहिते.

म्हणून तिथेही नकाशावर वाट दिसते म्हणून डोळे मिटून चालायचं नाही. लडाखचे ओढे बर्फ वितळून वाहतात. सकाळी घोट्याएवढं पाणी दुपारी मांडीला लागतं. ते नकाशात कुठून येणार? मेंढपाळाला विचार. आणि जाताना गावांची नावं नीट ऐकून घे. या नकाशात गावाचं नाव मराठीतही लिहिता येतं. आल्यावर आपण दोघी बसून भरू.

तू मागे विचारलं होतंस, "ओपन सोर्स म्हणजे फुकटच ना?" तेव्हा मी पोळ्या लाटत होते, धड उत्तर दिलं नाही. फुकट असतं बहुतेक, पण मुद्दा तो नाही. आजीचं शिवणयंत्र आठवतं? त्याच्या खणात तेलाची बुधली, पेचकस आणि सगळे भाग काढून दाखवलेली चोपडी होती. बिघडलं तर आजी स्वतः उघडायची, नाहीतर कोपऱ्यावरचा कुणीही कारागीर उघडायचा. आता तुझा फोन बघ. मागचं झाकण निघत नाही आणि आतलं सॉफ्टवेअर तर तुला दिसतच नाही. हे दुखणं जुनं आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवा प्रिंटर आला. तो अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथे कामाला होता. आधीच्या प्रिंटरला त्यानं युक्ती केली होती की कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा. नव्या प्रिंटरचा प्रोग्राम मागितला तर मिळाला नाही; ज्याच्याकडे होता त्यानं कुणाला न देण्याचं वचन दिलं होतं. बस, तिथे ठिणगी पडली, आणि १९८३ मध्ये त्यानं सगळीच सिस्टिम मोकळी लिहायचं जाहीर केलं. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनं त्याला हवा असलेला गाभा लिहिला, लिनक्स. तुझ्या अँड्रॉइडच्या बुडाशी तोच आहे.

माझी त्याच्याशी ओळख २००६ ची. कॉलेजात होते, नेट मोजून मापून. उबुंटू नावाची लिनक्सची सिस्टिम सीडीवर फुकट घरपोच येते असं कळलं. मला खोटं वाटलं. पत्ता भरला आणि काही आठवड्यांनी पोस्टमन खरंच पाकीट घेऊन दारात! त्यामागे मार्क शटलवर्थ नावाचा दक्षिण आफ्रिकेचा गृहस्थ होता. हा २००२ मध्ये स्वतःच्या पैशानं अंतराळात फिरून आलेला. परत आल्यावर त्याला जगभर सीड्या वाटायची बुद्धी झाली. त्यातल्या दोन सीड्या तू भातुकलीत बशा म्हणून वापरल्या होत्यास, एकीवर अजून तुझ्या दातांची खूण आहे.

मी कट्टर नाही, हेही सांगून टाकते. माझ्या फोनमध्ये बँकेचं ॲप आहे, रेल्वेचं आहे, कुठलंच मोकळं नाही. व्हॉट्सॲप सोडलं तर मावशी मला वाळीत टाकेल. पण जी गोष्ट माझी आहे आणि पुन्हा मिळणार नाही, ती मी कुठल्याही कंपनीच्या पेटीत ठेवत नाही. हे मला आप्पांच्या फ्लॉपीनं शिकवलं.

तुला आप्पा फारसे आठवत नसतील. १९९८ साली आप्पा-आजी चारधामला गेले. परत आल्यावर आप्पांनी सगळी हकिकत लिहिली आणि नाक्यावरच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली. बेचाळीस पानं. तीन प्रती काढल्या. एक मामाकडे पावसात भिजली, एक वाळवीनं खाल्ली, एक कुणी वाचायला नेली ती नेलीच. आपल्याकडे उरली फ्लॉपी आणि सुटी चार पानं. आप्पा गेल्यावर २०१२ मध्ये मी ती फ्लॉपी कुठून कुठून यंत्र मिळवून उघडली. फाइल शाबूत होती! पण पडद्यावर काय, तर डॉलरच्या खुणा, टक्क्याच्या खुणा, कंस, मध्येच इंग्रजी अक्षरं. आजी शेजारी बसली होती. म्हणाली, "हे आप्पांनी लिहिलंय?"

त्या काळी मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजीच साठवतोय. तो ठराविक फॉन्ट असेल तरच डोळ्यांना मराठी दिसायचं. फॉन्ट विकणारे अनेक, प्रत्येकाची मांडणी निराळी. डीटीपीवाल्यानं दुकान बंद करून आता मोबाइलची कव्हरं विकायला घेतली होती. फॉन्टचं नावही त्याला आठवेना.

मग मी ती चार छापील पानं समोर ठेवली आणि एकेक खूण जुळवत बसले. ही खूण म्हणजे 'म', ही म्हणजे काना. पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. तीन रविवार गेले. सगळ्यात छळलं ते ऱ्हस्व वेलांटीनं. जुन्या फॉन्टात ती दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप केलेली. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. 'शिखर' मधली वेलांटी उचलून 'श'च्या मागे न्यायची. रफाराचं उलटं: 'पर्वत' लिहिताना डीटीपीवाला रफार 'व' झाल्यावर देणार, युनिकोडला 'र' आधी हवा. आप्पांची यात्रा हिमालयातली, गं! पर्वत, मार्ग, दर्शन, सूर्य, पानापानावर रफार. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी पहिलं पान सरळ उमटलं आणि मी आजीला वाचून दाखवलं. गौरीकुंडच्या घोडेवाल्याशी झालेल्या भांडणावर आप्पांनी सव्वा पान खर्च केलंय. केदारनाथाला अर्धं.

तेव्हा तुझी रोजनिशी तू त्या सुंदर रंगीत ॲपमध्ये लिहिणार आहेस ना, तिथे लिहू नकोस. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिही, युनिकोड मराठीत. ती फाइल तीस वर्षांनी कुठल्याही यंत्रावर उघडेल. रंगीत ॲपवाले दोन वर्षांनी आपलं बस्तान गुंडाळतील आणि तुला ईमेल येईल की अमुक तारखेपर्यंत डेटा उतरवून घ्या. मला आलेत असे दोन.

फोटोंचं म्हणशील, तर ती हार्ड डिस्क नेऊ नकोस. हे कुणी सांगत नाही म्हणून नीट ऐक. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की तो थर आधार देईनासा होतो. म्हणून कंपन्याच लिहितात की चालू अवस्थेत साधारण तीन हजार मीटरपर्यंतच वापरा. लेह साडेतीन हजारांवर आहे, तू जाणार ते खिंडीत पाच हजारांच्या वर. छोटा एसएसडी घे, त्यात फिरणारं काही नसतं. आणि बरोबरच्या मैत्रिणींना फोटो द्यायचे तर लोकलसेंड नावाचं ओपन सोर्स ॲप आहे. एकीनं हॉटस्पॉट सुरू करायचा, बाकीच्यांनी जोडायचं, नेट नसताना फोटो जातात आणि त्यांचा दर्जाही मरत नाही.

थंडीत फोन चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडेल. घाबरू नकोस, बॅटरी संपलेली नसते, गारठलेली असते. आतल्या खिशात अंगाशी ठेव, ऊब मिळाली की जागा होतो. गोठणबिंदूखाली मात्र चार्जिंगला लावू नकोस, त्यानं बॅटरी कायमची बिघडते. सोलर चार्जर राहू दे घरी. पाठीवर लटकवून चालताना तो उन्हापेक्षा सावलीतच जास्त असतो. त्याऐवजी तीन पिनांचा मल्टिप्लग घे. होमस्टेमध्ये खोलीत एकच पॉइंट, वीज ठरावीक तास आणि माणसं चार. ज्याच्याकडे मल्टिप्लग त्याला चहा आधी मिळतो.

आणि एक डोक्याला लावायची बॅटरी, लाल दिव्याची सोय असलेली. ती हानलेसाठी.

हानलेला जाच. त्या गावाजवळ साडेचार हजार मीटर उंचीवर आपली वेधशाळा आहे, दोन मीटर आरशाची हिमालयन चंद्र दुर्बीण, आणि ती चालवतात कुठून माहीत आहे? बंगळुरूजवळच्या होसकोट्याहून, उपग्रहाच्या दुव्यानं. २०२२ पासून भोवतालचा भाग काळोख राखायला म्हणून जाहीर केलाय. गावातल्याच लोकांना दुर्बिणी देऊन तयार केलंय, ते आकाश दाखवतात. तिथे पांढरा टॉर्च लावलास तर सगळे ओरडतील, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि एका झोतात ती जाते. जाण्याआधी माझ्या संगणकावर स्टेलॅरियम उघडू. तेही ओपन सोर्स, फाबिएँ शेरो नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरनं सुरू केलेलं. गाव हानले टाकायचं, तुझी तारीख टाकायची, आणि रात्री नऊला आकाशगंगा कुठे असेल ते इथे दिवाणखान्यात बघायचं. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजावर साडेअठरा अंश दिसतो, तिथे जवळजवळ तेहतीस. मान वर करून आधी तो शोध. तारीख मात्र अमावास्येच्या आसपासची धर. त्याला सॉफ्टवेअर कशाला, भिंतीवरचं कालनिर्णय पुरे.

राहता राहिलं ते बायकांचं बोलणं. हॉटेलात आधारची प्रत मागतील तेव्हा शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क्ड आधारची प्रत दे, आज उतरवून ठेव. फोटो ज्या दिवशी काढशील त्या दिवशी जागेसकट टाकू नकोस, गाव सोडल्यावर टाक. लाइव्ह लोकेशनवर मावशी विसंबणार असेल तर तिला समजाव की नेटवर्क गेलं की ते टिंब जागच्या जागी थिजतं आणि घरी रडारड सुरू होते. त्यापेक्षा रोजचा मुक्काम, होमस्टेचा नंबर आणि "या दिवशी फोन येणार नाही" असं एका कागदावर लिहून फ्रिजवर लाव. ११२ फोनमध्ये नाही, डोक्यात ठेव. आणि लेहला उतरल्यावर दोन दिवस काही करायचं नाही. डोकं दुखून ओकाऱ्या आल्या तर कुठलंही घड्याळ तुला वाचवणार नाही. खाली उतरायचं.

ॲक्शन कॅमेरा नको असं मी म्हणत नाही. माझा आहे, घेऊन जा. काचेवर एक चरा आहे, फोटोत दिसत नाही.

पॉवर बँक दुकानदार सात दिवसांत बदलून देतो म्हणालीस, म्हणजे गुरुवारपर्यंत. बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे ये, आपण दोघी जाऊ. फोन आण, खोकं आण, आणि बिल आण.